सपाट पडद्याचं मुखदर्शन

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार

आले एकदाचे! तीन नवे सपाट मॉनिटर. जुना डबा हलवायला दोन गडी लागायचे. यातला एक आमच्या पेपरच्या संपादकांनी, सगळ्यांच्या थोरल्या दादांनी, शेयशेन बाइकेंनी, कलिंगडासारखा काखेत मारून आणला. एसेनतुरनं — हा आमच्या जाहिराती घेतो आणि पानंही लावतो — प्रत्येकावर पांढरी ओढणी टाकली आणि दारात आडवा उभा राहिला. "नव्या सुनेचं तोंड फुकट बघतात होय? कोरुंदुक काढा आधी!" हसत हसत मुखदर्शनाची भेट द्यावीच लागली. मी एक साबण दिला, माझ्या जोडीच्या सायरा एजेनं, म्हणजे सायराताईनं, सुक्या दह्याचं मूठभर कुरूत. मेल्यानं तिथंच तोंडात टाकलं.

ओढणी निघाली. अक्षरं लख्ख! पण केवढी? मुंगीच्या अंड्याएवढी.

मग चहा, तळलेले बोरसोक आणि बाइकेंचं भाषण. पुढच्या आठवड्यापासून कागदावरची प्रूफं बंद, सगळं पडद्यावर वाचायचं. "ज्याचे डोळे पुरणार नाहीत, त्याला मानाचा चापान चढवू, टाळ्या वाजवू आणि घरी सोडू!" सगळे खो खो हसले. मी पण हसले, पण मनात हिशोब मांडत. पेन्शनला सायरा एजेचं एक वर्ष उरलंय, माझी चार. काराकोलच्या थंडीत चार वर्षं काय चापानचा डगला पांघरून बसू?

१४ नोव्हेंबर

बावीस वर्षं आम्ही दोघी जोडीनं प्रूफं तपासतोय. एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं लागलेलं पान बघत "बरोबर, पुढे" नाहीतर "थांब!" म्हणायचं. एक दिवस ती, एक दिवस मी. आता कागदाच्या जागी पडदा, एवढंच. एवढंच — म्हणायला!

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पडदा लावला तर अक्षरं मोठी झालेली! देव पावला म्हणून खुर्ची पुढे ओढली, आणि कसलं काय. सगळ्या अक्षरांच्या कडा विरघळलेल्या. चहात राहून गेलेल्या बोरसोकसारख्या. चष्मा पुसला. स्कार्फनं पुसला, मग झग्यानं. तेच.

विचारणारच होते, तेवढ्यात शेयशेन बाइके मागे येऊन उभे. "वा! आता कसं आरशासारखं दिसतंय! नाही का?"

"आरशासारखं," एसेनतुर म्हणाला.

"आरसा काय, त्याहून स्वच्छ!" — सायरा एजे. "माशीचे पाय मोजून देऊ का?"

मग मी तरी कशी मागे राहीन? "फारच छान," म्हटलं. म्हणजे बिघाड पडद्यात नाही, माझ्यात आहे. गेले माझे डोळे. एका रात्रीत! दिवसभर अंदाजानं "बरोबर, पुढे" म्हणत राहिले. मान अवघडली, डोकं ठणकलं. लाज वाटते, पण लिहून ठेवते.

२२ नोव्हेंबर

आज पडद्यापुढे सायरा एजे. काय झपाटा बाईचा! मी वाक्य संपवते न संपवते तोच "बरोबर, पुढे." माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि तिचे डोळे असे. सहा मुलं झाली तरी. माझी दोनच, आणि मी ही अशी आंधळी कोंबडी.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

अंक निघाला, आणि तोबा! वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानावर उपमुख्याध्यापिका बाईंचा हसरा फोटो आणि खाली "८८व्या वाढदिवसानिमित्त"! बाई अठ्ठावन्नच्या. पाचाचा आठ झालेला. सकाळी नऊलाच फरची टोपी घालून त्या दारात हजर. "मी अठ्ठ्याऐंशीची दिसते? दिसते का? माझ्या नवऱ्याला सकाळपासून चार फोन आले — आजीबाई ठणठणीत आहेत ना म्हणून!" बाइकेंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, मध दिला. त्या मध खाता खाता ओरडत होत्या.

ते पान बुधवारचं, म्हणजे सायरा एजेच्या पाळीचं. ती शांतपणे म्हणाली, "माझ्यासमोर पाचच होता. नंतर कुणीतरी बोट लावलं." खरंच असेल. नंतर मीच त्या पानात चाचपडत होते. कुठलं बटण दाबलं, मला तरी दिसलं का!

बाइके म्हणाले, "सोमवारी शिंप्याकडे चापानचं विचारून ठेवतो." कुणाकडे बघून म्हणाले, कळलं नाही. अक्षरांसारखे माणसांचे चेहरेही आता वाचता येईनात.

२५ नोव्हेंबर

गाजर. सकाळी गाजर, दुपारी गाजर, संध्याकाळी गाजर घालून पुलाव. नवरा म्हणतो, "घरात ससा पाळलाय का?"

२७ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यात गेले — दाढ दुखतेय असं ऑफिसात सांगून. डोळ्यांच्या रांगेत आपलाच पेपर तोंडापुढे धरून कोण बसलेलं? एसेनतुर! पेपर उलटा धरलेला.

"तू इथं कसा रे?"

"दाढ, एजे. तुम्ही?"

"माझीही दाढच."

दारावर हा एवढा मोठा डोळा रंगवलेला! त्याच्याखाली दोघं गाल धरून बसलो, दुसरं करणार काय.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता दाखवला. मी वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. अगदी खाली छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं. त्या म्हणाल्या, "या चष्म्यानं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय." म्हणजे यांना काही येत नाही! पदव्या कशा मिळतात कोण जाणे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आज हसून हसून बरगड्या दुखतायत. पहिल्यापासून लिहिते.

प्रिंटर दुरुस्त करायला वालेन्तिना आली. तोंडानं फटकळ, हातानं सोनं. जाता जाता माझ्या पडद्याकडे बघितलं आणि किंचाळली, "अग बाई! हे रेझोल्यूशन कुणी बिघडवलं? तुम्ही माणसं यावर वाचता? डोळे आहेत का काय?"

जो तो आपापले कागद चाळू लागला.

"जुन्या डब्याला काहीही चालायचं. सपाट पडद्याचे ठिपके मोजून जागच्या जागी बसवलेले असतात. याचे आडवे बाराशे ऐंशी, उभे एक हजार चोवीस. तुम्ही सांगितलंय आठशे आणि सहाशे. मग एका ठिपक्याचं काम दीड ठिपक्यावर येतं, आणि सगळं माखतं. अक्षर मोठं हवं तर अक्षर मोठं करा ना! ठिपक्यांना कशाला हात लावता?" खटाखट बटणं दाबली. ठिपके जागेवर आणले, अक्षरं तेवढी वाढवली, नाजूक शेपट्यांचा फॉन्ट काढून साधा, जाड्या रेघांचा घातला. "शेपट्या कागदावर शोभतात."

आणि दिसलं! स्वल्पविरामसुद्धा! मी खुर्चीतून उठले आणि तिचा मुका घेतला.

"म्हणजे... तुम्हालाही दिसत नव्हतं, एजे?" एसेनतुर म्हणाला.

झालं! बांध फुटला. एसेनतुरनं आठवडाभर डोळ्यांवर चहाचा चोथा बांधून झोप काढलेली. मी गाजरं सांगितली. दोन्ही दाढा बाहेर पडल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून जो तो मूठ आवळून बसलेला! शेवटी शेयशेन बाइके खोकले. कान लाल. "ते आठशे-सहाशे... मीच केलं होतं. मला बारीक दिसेना. मोठं केलं तर तेही दिसेना. म्हटलं, तुम्हाला तरी दिसतंय ना." आणि खणातून अल्माटीहून मागवलेले चष्मे काढले — एक नाही, तीन!

"चापान तुम्हालाच शिवू या, बाइके!" मी म्हटलं. म्हटलं खरं तोंडावर! तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. पण चापानचा शब्द काही मागे घेतला नाही. उलट म्हणाले, "आता पडदा स्वच्छ आहे. यापुढे सबब चालायची नाही."

एकटी सायरा एजे म्हणाली, "मला तर पहिल्या दिवसापासून स्पष्टच दिसत होतं." बघा तोरा! सगळ्यांनी कबूल केलं तरी हिचं नाक वर. राग आला मला. खरंच आला.

२९ नोव्हेंबर, बुधवार

आज पडद्यापुढे सायरा एजे. मी कागदावरून शेळ्यांच्या लसीची बातमी वाचत होते. "बरोबर. पुढे. बरोबर. पुढे." सहज मान वर केली. पडदा लख्ख, आणि त्यावर फुटबॉलच्या सामन्यांचा तक्ता. शेळ्यांचं पान तिनं उघडलेलंच नव्हतं. ती टक लावून त्या तक्त्याकडे बघत होती. "बरोबर," म्हणाली. "पुढे."

उठले, तिच्यामागे जाऊन उभी राहिले, खांद्यावरून हात घालून शेळ्यांचं पान उघडलं. तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. तिसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा पडला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाइकेंना ऐकू जाईल अशा बेतानं मी ओरडले, "वा, सायरा एजे! चूक बरी पकडलीस!"