जोडीदाराने बघायची गाठ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाण्याच्या उंच टाक्या रंगवणे (गुडघ्यांनी संप केल्यापासून बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझी पत्नी असती तर तिने त्यावर दोन प्रश्न तरी विचारले असते. माझा आत्मा मी प्रभू येशूच्या हाती देतो. तो त्याचाच आहे. बाकीची वाटणी पुढीलप्रमाणे.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न उघडणारी खिडकी, तसंच बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या मुलीला. तिने मला सांभाळलं, आणि मी हट्टाला पेटलो की ती दार आपटून जायची व दहा मिनिटांत परत यायची. खिडकी मीच ओल्या रंगात बंद करून चिकटवली. एवढ्या टाक्या रंगवल्या, पण घरच्या कामाला घाई केली.

कलम २. ब्रश, दोर आणि गंज खरवडायच्या पात्या माझ्या कामातल्या जोडीदाराला. त्याला सगळे मुनीम म्हणतात, कारण तो सगळं दोनदा बघतो. माझी मोठी शिडी त्याने स्वतःची समजून नेली, त्याला नऊ वर्षं झाली. ती आता कायद्यानेही त्याची. राग मिटला असं लिहा, असं वकीलबाई म्हणतात. बराचसा मिटला.

कलम ३. पाळकसाहेबांना द्यायला काही नाही, एक विनंती आहे. ते दर वर्षी उपदेशात माझं उदाहरण देतात: एवढ्या उंचीवर न डगमगणारा विश्वासू माणूस. मी पुढच्या बाकावर मान खाली घालून बसतो आणि लोकांना ती नम्रता वाटते. ती लाज आहे. माझ्या अंत्यविधीत त्यांनी मला शूर म्हणू नये. मला उंचीची भीती वाटायची, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, असं सरळ सांगावं.

हे फक्त पत्नीला ठाऊक होतं. कामावर निघण्याआधी ती माझे दोन्ही हात टेबलावर आपल्या हातांत घ्यायची आणि त्यांचं कापणं थांबेपर्यंत सोडायची नाही. तिची प्रार्थना ठरलेली होती. "प्रभू, हा घाबरलाय. याच्याबरोबर वर जा, आणि याच्याबरोबरच खाली ये." त्याने भीती जायची नाही. पण वर मी एकटा नाही एवढं कळायचं, आणि तेवढ्यावर पुढच्या पायरीवर पाय पडायचा. तिला जाऊन सतरा वर्षं होत आली. ते हात मला अजून रोज सकाळी हवे असतात.

कलम ४. ज्याला दोर गाठ मारून बांधला की मी वर चढायचो, तो कमरेचा पट्टा माझ्या थोरल्या मुलाला. या कलमापायी मी तीन कागद फाडले.

आमच्या कामात स्वतःची गाठ स्वतः तपासत नाहीत. जोडीदाराने ती ओढून बघायची आणि "बघितली" असं मोठ्याने म्हणायचं, त्याशिवाय कोणी शिडीवर पाय ठेवत नाही. गाठ दाखवायला नकार देणं म्हणजे माझा तुझ्यावर भरवसा नाही, असं तोंडावर सांगणं.

पत्नी जाऊन चार महिने झाले होते. मुनीम आजारी, म्हणून त्या दिवशी मुलगा माझा जोडीदार होता. सकाळी हात धरायला कोणी नव्हतं, आणि ते काही केल्या कापायचे थांबेनात. मुलगा म्हणाला, "बाबा, गाठ दाखवा." गाठ बघताना त्याला हात दिसले असते. मी पाठ फिरवली. "माझी मी बघतो. तू तुझी बघ."

मी चढलो. तो मागून निम्म्या शिडीपर्यंत आला आणि थांबला. गाठ बरोबर दिसत नाही, खाली या, असं तो सांगत राहिला. खाली चार लोक बघत होते. मी वरून म्हणालो, "हे भित्र्यांचं काम नाही. घरी जा." तो उतरला.

वर पोचल्यावर दोरावर भार टाकायच्या आधी मी गाठ चाचपली. ती अर्धीच मारलेली होती. मी कठड्याला मिठी मारून बसलो आणि पत्नीची प्रार्थना पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने म्हटली. प्रभू, मी घाबरलोय. हात कापतच राहिले. त्याच हातांनी गाठ पुन्हा मारली आणि उतरलो. मी घरी पोचेपर्यंत मुलगा घर सोडून गेला होता.

बाळा, तू भित्रा नव्हतास. तुला माझी काळजी वाटली आणि ती तू बोलून दाखवलीस. मी माझी भीती लपवली, म्हणून तुला घालवून बसलो. मला तुझी फार आठवण येते.

तो दुसऱ्या शहरात खिडक्यांना काचा बसवतो. मुलगी अधूनमधून विचारते, "लावू का फोन?" मी म्हणतो, "कामात असेल." सोळा वर्षं तो कामात आहे.

कलम ५. माझी शवपेटी दोरांनी खाली सोडतील. त्या दोरांच्या गाठी मुलाने ओढून बघाव्यात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "बघितली" म्हणावं.

मृत्युपत्र मरणानंतर उघडतात, असं वकीलबाई सांगतात. पण गाठ चढण्याआधी तपासायची असते. म्हणून याची एक प्रत आजच मुलाला जाईल. पत्ता मुलीने लिहिला आहे. पाकीट मी स्वतः टाकणार आहे. टपालाचा डबा रस्त्यापलीकडे आहे. प्रभू, मी घाबरलोय. माझ्याबरोबर तिथपर्यंत चल.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: तिसऱ्या महिन्याची सात, रविवार, भक्तीनंतर.

सही: (वाकडी आली आहे, पण माझीच आहे. हात काही आजच कापायला लागलेले नाहीत.)

साक्षीदार पहिले: डॉक्टर.
साक्षीदार दुसरे: पाळकसाहेब, उपदेश बदलण्याचं कबूल करून.

तिसरी ओळ मी रिकामी ठेवली आहे. दोन साक्षीदार पुरतात, आणि ज्याला काही मिळतं त्याची सही तर चालतच नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. कायद्याला चालत नसेल. मला ती हवी आहे.

बघितली: ____________