ज्याला हवं त्याने होय म्हणायचं

बाबा, तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात गाऱ्हाणं कुणी घातलं नव्हतं. गणपतीत मी नुसता नारळ ठेवून हात जोडायचो. देवासमोर उभं राहून सगळ्यांदेखत मोठ्याने मागायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. काल रविवारी सकाळी मात्र घातलं, तुमच्या सुनेसाठी.

तिला कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, केस परत आले, आम्ही शेजारी पेढेसुद्धा वाटले. मग तो पुन्हा निघाला. दुसरं औषध सुरू केलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरायच्या की हॉस्पिटलातून केमो न देताच परत पाठवायचे, आणि मी रिक्षात तिच्यावरच चिडायचो, जणू पेशी तिनेच लपवून ठेवल्यात. आता तो यकृतात गेलाय. डॉक्टर म्हणाले, अजून एक औषध आहे, पण लागू पडेलच असं नाही, आणि अंगाला झेपेल का तेही बघावं लागेल. दोघं ठरवा आणि सोमवारी सांगा. मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा झालो. ती आपल्या चपलांकडे बघत बसली होती.

कांदिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात सध्या फोडणी बंद आहे. वासाने तिला उमळून येतं. मी पेज करतो, आणि शेजारी बांगडे तळायला लागले की खिडकी लावून घेतो. बांगड्याच्या वासाला खिडकी लावणारा मुलगा तुम्हाला बघवला नसता.

मला माझ्या दहावीच्या वर्षाचा गणपती आठवतो. गिरणी बंद पडून तुम्ही साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लागला आहात, नखांतलं ग्रीस सणालाही निघालेलं नाही. नारळाला हात लावून तुम्ही म्हणता, "बा देवा म्हाराजा, ह्या पोराक धावीत पास कर!" सगळी खोली गरजते, "होय म्हाराजा!" मी तेवढा गप्प, कारण दारात समोरच्या मुली उभ्या आहेत. तुम्ही थांबता. सगळ्यांना थांबवून ठेवता. "तुझ्यासाठी मागतंय आणि तूच गप? ज्येका व्हया, तेनाच होय म्हणूक व्हया." मुली फिदीफिदी हसतात.

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत साताऱ्याची ही तुमची सून सगळ्यांच्या वर आवाज काढून "होय म्हाराजा" म्हणाली. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "माझ्यापेक्षा देव हिचाच जास्त आयकतलो." ते तिने मला आजवर किती वेळा ऐकवलं असेल!

काल तीच म्हणाली, "बाबांसारखं गाऱ्हाणं घाल ना रे." उदबत्ती लावली नाही. ती खुर्चीत बसली, डोक्याला रुमाल बांधून. मी तुमचे शब्द आठवत सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज हय जो नारळ ठेवलंय, तो मान्य करून घे."

"होय म्हाराजा." आवाज बारीक, पण खुशीत.

"पुण्यात रवता त्या आमच्या पोरीक सांभाळ."

"होय म्हाराजा."

"ह्या नव्या औषधाक यश दी."

काहीच आलं नाही. मला वाटलं, धाप लागली असेल. मी पुन्हा म्हटलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाबा, तेव्हा तुम्ही थांबला होतात तसा मीही थांबलो.

"नको?"

"नको रे आता. परवापासून सांगायचंय, तू बोलूच देत नाहीस. मला घरी राहू दे. दुखलं तर दुखण्याचं औषध दे. बास."

मी रडलो. भांडलोसुद्धा, तिथेच, नारळासमोर. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पुरं कर. अर्धवट ठेवू नकोस."

"तिका त्रास नको होऊंदे, म्हाराजा. तिच्या तोंडाक चव येऊंदे."

"होय म्हाराजा!" तिने एवढ्या जोरात म्हटलं की खोकल्याची उबळ आली.

आज सकाळी डॉक्टरांना फोन करून नको म्हणून सांगितलं. ती आत पेज खातेय, आणि चक्क लोणचं मागितलंय. हा कागद मी कुठल्या पोस्टात टाकणार? राहील कपाटात, तुमच्या धोतराच्या घडीत.

एक मात्र तिला सांगितलेलं नाही. काल ती आंघोळीला गेल्यावर मी पुन्हा देवासमोर उभा राहिलो, आणि औषधाबिषधाचं नाही, सरळ तिलाच मागितलं. होयसुद्धा मीच म्हटलं, हळू, तिला ऐकू जाणार नाही असं.