पिठल्याचा तिसरा अंक

अहो,

ब्रिस्टलच्या आपल्या पहिल्या घरातला तो रविवार आठवतो? मी पिठलं हलवत होते, खिडकीची काच वाफेने धुरकटली होती आणि तुम्ही शर्टाच्या बाह्या सरसावून शेजारी उभे होतात. "घरात खाणारी सहा माणसं आणि बेसन मूठभर. काय करशील?"

"पाणी वाढवीन," मी म्हटलं. "आणि तिखट. म्हणजे कमी खाल्लं जातं."

तुम्ही माझ्याकडे असे बघत राहिलात, की मला वाटलं पिठलं करपलं. मग म्हणालात, "माझ्या जर्मनाला तू भेटायला हवी होतीस."

आज लिहायला बसले, कारण काल केळकरभावजींचा फोन आला. पुढच्या महिन्यात एजवेअरच्या हॉलमध्ये आपलं मराठी मंडळ तुमच्या आठवणीत तुमचं नाटक करणार आहे. तुमचं म्हणजे तुमच्या जर्मनाचं, तुम्ही वऱ्हाडीत आणलेलं. "पण वहिनी, पहिले दोनच अंक करू या. तिसरा फार हेवी आहे हो. लोकांना परत ड्राइव्ह करून घरी जायचं असतं."

मी विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुम्ही घरभर फिरताय. अर्धवट झोपेत तुमचा आवाज येतो, सगळ्या पात्रांची वाक्यं एकट्याने म्हणताना.

विमानांच्या कारखान्यात ड्रॉइंग वाचता यावीत म्हणून तुम्ही जर्मन शिकलात, आणि चॅरिटी शॉपमधून हे जुनं नाटक उचलून आणलंत. मग वर्षभर आपल्या जेवणाच्या टेबलावर ते लिहिणारा जर्मन तिसरा होता. वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडलेला, बापाशी भांडून वीटभट्टीच्या गावात खोली घेऊन राहिलेला. भट्टीवरची माणसं जशी बोलायची, शिव्यांसकट, तसंच त्याने लिहिलं. पहिल्या प्रयोगाला त्याने स्टेजवर खरा कोबी शिजवला, तर पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले आणि निम्मं थिएटर उठून गेलं. हे सांगताना तुमचे डोळे चमकायचे, जणू तुम्ही तिथे बसला होतात.

म्हणून तर मंडळात हे नाटक बसवताना तुम्हालाही स्टेजवर खरंखुरं पिठलं हवं होतं. हॉलच्या केअरटेकरची मनधरणी करून इलेक्ट्रिक शेगडी मिळवलीत. आईचं काम मला दिलंत आणि रोज छळलंत. "‘राह्यलं’ म्हणताना तोंडात पेपरमिंट कशाला धरतेस? कॉन्व्हेंटच्या सिस्टरांसमोर रेसिटेशन नाहीये हे."

केळकरभावजी तेव्हाही सेक्रेटरी होते. ते म्हणाले, आधी जेवण उरकू. तुम्ही ऐकलं नाहीत. "उपाशी माणसांचं नाटक ढेकर देत बघणार?" माझंही ऐकलं नाहीत. थोडं ऐकायला काय हरकत होती हो?

तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला, मी लसणाची फोडणी दिली. मंडळात नाटक संपलं की जेवण, हे लोकांच्या अंगात भिनलेलं. तो वास पसरला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "चला, जेवण लागलं वाटतं." खुर्च्या सरकल्या. मुलं पळाली, मागून आया, मग पुरुष, अगदी सभ्यपणे, एकमेकांना "तुम्ही आधी" म्हणत. जर्मनाच्या नाटकातून लोक वासाने पळाले, आणि आपल्या नाटकातून वासानेच जेवणाकडे धावले.

मी पळी हातात घेऊन उभी. स्टेजवरची मुलं माझ्याकडे बघतायत. तेव्हा तुम्ही विंगेतून खाली उतरलात, पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसलात आणि हाताने खूण केलीत, चालू ठेव.

मी तुमच्या एकट्यासाठी सगळा अंक केला. त्यात घडतं तरी काय? आई वाढते. म्हाताऱ्याला, कामावरून आलेल्याला, आजारी मुलीला, न परतलेल्या थोरल्याच्या ताटलीतसुद्धा. शेवटी धाकटी विचारते, "माय, तुले राह्यलं का?" आणि पातेल्याच्या बुडाला करपून चिकटलेलं खरवडत आई म्हणते, "राह्यलं नं. खरवड हाय." पडदा. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मा पुसत बसून राहिलात.

घरी येताना गाडीत मात्र हसून हसून आपली पोटं दुखली. पण त्यानंतर तुम्ही ते नाटक कधी बाहेर काढलं नाहीत.

पुढे कधीतरी तुम्ही वाचलंत, की त्याच्या देशात वाईट राज्य आलं तेव्हा म्हातारा जर्मन गप्प राहिला. मानसन्मान घेतले, आणि शेजाऱ्यांना पकडून नेलं तेव्हा पडदे ओढून घेतले. त्या दिवशी तुम्ही भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवून ड्रॉवरमध्ये टाकलात. "मग नाटकही टाकून द्या," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "त्याचं ठीक आहे, पण नाटकातल्या त्या बाईला कशाला शिक्षा?"

हेच वाक्य मी आज सकाळी केळकरभावजींना ऐकवलं. होईल तर तिन्ही अंक, नाहीतर काही नको. ते हळूच म्हणाले, "पण वहिनी, जेवण कधी?"

जेवण आधी. रागावू नका. पोट भरलेलं असलं, तरच माणसाला दुसऱ्याची भूक शेवटपर्यंत बघवते, असं मला आता वाटतं. उपाशी असला की तो आपल्याच ताटाकडे धावतो.

आईचं काम तुमची नात करणार. ईरा म्हणाली, "आजी, माझा मराठी इज सो बॅड, लोक हसतील." मी म्हटलं, तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, जशी बोलतेस तशीच बोल. मी आजपासूनच पाठ करून घेतेय. तिच्या तोंडात पेपरमिंट नाही, हे मात्र खरं.

तेव्हा शब्द देते. तिसरा अंक होईल, शेवटच्या वाक्यापर्यंत, भरल्या हॉलमध्ये. फक्त पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर मी कोणाला बसू देणार नाही.

आणि आता वाटणी, तुमच्यामागे राहिलेल्या वस्तूंची. पातेलं आणि पळी ईराला. ओव्हरकोट केळकरभावजींना, नाहीतरी दर हिवाळ्यात तेच मागून न्यायचे. जर्मन डिक्शनरी मिलिंदला. आपला लेक ती उघडणार नाही, कंप्युटरखाली ठेवेल, ठेवू दे. नाटकाची प्रत मंडळाच्या कपाटात, तिन्ही अंक एकत्र शिवून, म्हणजे कोणाला सुटा काढता येणार नाही. जर्मनाचा फोटो कोणालाच नाही. तो ड्रॉवरमध्येच राहू दे, पालथा.

मला काय, असं विचाराल.

मला राह्यलं नं. खरवड हाय.

तुमची,
कुमुद