गाणे तू रचले होतेस

प्रिय दादा,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. वर्गात नावावरून चिडवतात म्हणून लेकीचे नाव शाळेच्या दाखल्यावर बदलून घेण्याचा तुझा विचार आहे आणि तोवर मी तिला फोनवर चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, अशी तुझी इच्छा आहे. का, तर मी 'हे सगळे हसत हसत पचवले'. हे वाक्य लिहिताना तुझा हात अडखळला नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही. राग मात्र आला.

मी काहीही पचवले नाही. बाबांनी मला पणजीचे नाव ठेवले. ते जुने होते, लांबलचक होते, पण पाचवीपर्यंत त्याचे कुणाला काही वाटले नव्हते. मग तुझ्या आठवीच्या वर्गातल्या टग्यांनी चष्म्यावरून तुझी सालटी काढायला सुरुवात केली आणि स्वतःची सुटका करून घेण्यासाठी तू मला त्यांच्यापुढे टाकलेस. पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून तू माझ्या नावाचे ते दोन ओळींचे गाणे रचलेस, दात पडलेल्या, काठी हरवलेल्या आजीबाईचे. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात पाऊल टाकले की मागचा बाक उठून उभा राही. "सरका रे, आजीबाईंना बसू द्या! गुडघे दुखतात त्यांचे!" कुणीतरी काठी म्हणून फूटपट्टी पुढे करी. "ही तुझीच बहीण ना रे?" असे एकाने तुला विचारले, तेव्हा "छे, आमच्या शेजारी राहते," हे तुझे उत्तर मी जिन्यात उभी राहून ऐकले आहे.

मी काय केले, असे विचारतोस? ग्रंथालयामागच्या पायरीवर बसून सहा वर्षे एकटीने डबा खाल्ला. सहलीचा अर्ज कधी भरला नाही. प्रत्येक वहीवर संपूर्ण नाव लिहिले आणि दरवर्षी पहिली आले, म्हणजे मुख्याध्यापकांना ते भर सभागृहात उच्चारावेच लागे. तुम्ही सगळे त्याला माझी जिद्द म्हणता. आज विद्यापीठात माझ्या हाताखाली अकरा माणसे काम करतात आणि त्यांतले एकही माझ्या टेबलाशी चहाला बसत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मी हा उपाय सांगणार नाही.

पुढे तू तेच नाव लेकीला ठेवलेस. "आत्यासारखी हुशार निघेल," असे येईल त्याला सांगत सुटलास. क्षमा मागण्याची ही तुझी तऱ्हा असावी असे समजून मी गप्प बसले. ती माझी चूक. आता तू लिहितोस, 'हल्लीची पोरं कुठून काय शिकून येतात, देव जाणे.' देवाला यात ओढू नकोस, मी सांगते. तिच्या वाढदिवसाला, केक कापून झाल्यावर, तिच्या वर्गातल्या चौदा मुलांसमोर तू गंमत म्हणून ते गाणे म्हणून दाखवलेस. पाठीत वाकून, अभिनयासह. सोमवारी ते शाळेत पोहोचले.

हे मला तिनेच सांगितले. गेल्या रविवारी, बाथरूमची कडी लावून तिने फोन केला होता. मी म्हटले, मुले कोणते गाणे म्हणतात ते बाबांना सांग. त्यावर ती म्हणाली, "नको गं आत्या. ते गाणं त्यांना खूप आवडतं. त्यांना वाईट वाटेल." तुझ्या कानावर काही घालणार नाही, असे तिने माझ्याकडून वदवून घेतले. मी दिलेला शब्द मोडत नाही, हे तू जाणतोस. आज मोडते आहे, कारण तुला जपण्यासाठी ती पोर रोज मुकाट्याने शाळेत जाते, आणि तुला त्याचा पत्ता नाही. दाखल्याचे काय करायचे ते तिला विचारून ठरव. पण त्याआधी तिच्यासमोर बस आणि ते गाणे कुणी रचले, कुणावर रचले आणि का, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांग. आत्याने शब्द मोडला, हेही सांग. त्यानंतर तिने मला फोन केला नाही, तरी मी तिला दोष देणार नाही.

इतके लिहूनही तुझीच,
धाकटी बहीण