टिलीनॉटच्या गरीब गाईंची निरवानिरव

मी, एल्स्पेथ मेल्ड्रम, कै. हेक्टर मेल्ड्रम यांची पत्नी, वय वर्षे ७८, राहणार टिलीनॉट, अल्फर्डजवळ, ॲबर्डीनशर, हे शेवटचे इच्छापत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर माझ्याच मनाने लिहून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझे हृदय दमले आहे, डोके नाही. याआधी केलेले इच्छापत्र रद्द समजावे. त्यात सगळे काही माझा मुलगा इव्हान याच्या नावे होते, आणि तो आता नाही.

कलम १. टिलीनॉटची जमीन व घर. ही माझी नाहीत. हेक्टरच्या आजोबांपासून आम्ही इथे कूळ म्हणून राहिलो. वारस नसल्यामुळे तो हक्क माझ्याबरोबर संपतो. मालकांचे कारभारी येऊन सांगून गेले की इथे स्प्रूसची झाडे लावायची ठरले आहे. "डोंगर हिरवागार दिसेल, मिसेस मेल्ड्रम," असे म्हणाले. स्प्रूसखाली गवत उगवत नाही, असे मी म्हटले. त्यांना ते माहीत होते. तेव्हा या कलमात कोणाला देण्यासारखे काही नाही.

कलम २. घरातले सामान, बँकेत असेल ते आणि हेक्टरचा चांगला ओव्हरकोट जनावरांची डॉक्टर इश्बेल रॅनी हिला द्यावा. कोट तिला ढगळ होईल, पण वासरे नेमकी बर्फातच जन्माला येतात. या इच्छापत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ३. हेक्टरचा धाकटा भाऊ नॉर्मन मेल्ड्रम याला जनावर जखडून ठेवायचा माझा लोखंडी पिंजरा द्यावा. बाकी काहीही देऊ नये. "सख्ख्या दिराला एवढंच?" असे वकील विचारतील, म्हणून कारण लिहिते.

आमच्याकडे पहिल्यापासून काळ्या अँगस गाई. काही वर्षे हेरफर्डही होत्या. हेरफर्डचे दार उघडे टाकले तरी ती जावे की न जावे याचा विचार करत तिथेच उभी राहते. अँगस तेवढी मंद नाही, व्याल्यावर दोन दिवस तिच्याशी जपून वागावे लागते, पण ती आधी फुरफुरून बजावते. ज्या गाईने माणसावर डोके उगारले, तिचे वासरू मी कधी पैदाशीला ठेवले नाही. माझे सगळे आयुष्य या एका कामात गेले. मग नॉर्मनने लिमुझिन जातीच्या गाई आणल्या. तांबूस, भरल्या पुठ्ठ्यांच्या, दिसायला देखण्या. आपण फाटकातून आत पाऊल टाकले की मान ताठ करून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात जाणार, आणि कोपरा संपला की आपल्या अंगावर येणार.

"एल्सी, गाय काय मांडीवर घेऊन बसायचीय तुला?" नॉर्मन म्हणायचा. "मांस कुठं भरलंय ते बघ."

"मांस मोजायला आधी गोठ्यातून जिवंत बाहेर यावं लागतं," मी म्हणायचे.

त्याने इव्हानला एक गाभण कालवड दिली. दिली म्हणजे भेट म्हणून. "जरा चपळ आहे, एवढंच. तरुण माणसाला चालेल." इव्हान खूश झाला. मला म्हणाला, "आई, तुझ्या गाई चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारख्या आहेत गं. हिच्यात बघ कसा जीव आहे!" मी पिंजरा घेऊ या म्हणत होते. नॉर्मन हसला, म्हणून हेक्टरही हसला.

मार्चमध्ये ती उघड्यावर, ओल्या बर्फात व्याली. वासराला आडोशाला न्यायला इव्हान वाकला. मी ओरडत फाटकापर्यंत पोचले, तेव्हा ती त्याच्यावरून बाजूला होऊन वासरू चाटत होती. अगदी शांतपणे चाटत होती.

दफनानंतर सगळे आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. नॉर्मन हातातल्या कपाकडे बघत म्हणाला, "माझ्यावरही आली होती ती एकदा. मी कुंपणावरून उडी मारली म्हणून..."

"कधी?" हेक्टरने विचारले.

"मागच्या उन्हाळ्यात."

हेक्टरने त्याच्या हातातला कप काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि दार उघडून धरले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. हेक्टर गेला तेव्हाही नॉर्मन रस्त्यावरच उभा राहिला.

पिंजरा मी नंतर घेतला. तो एकदाही लागला नाही.

कलम ४. हे कलम नॉर्मनला वाचून दाखवावे. मी जिवंत असताना त्याला हे सुख द्यायची माझी तयारी नव्हती. ती गाय हेक्टरने त्याच दिवशी गोळी घालून मारली. वासरू उरले. कोणीच त्याच्याकडे बघेना, म्हणून बादलीतून दूध पाजून मी वाढवले. आई लिमुझिन, बाप लिमुझिन; आणि तो गोऱ्हा माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचा, काखेखाली डोके घालून उभा राहायचा. त्याच्याइतके गरीब जनावर मी अँगसमध्येही पाहिले नाही. म्हणजे जातीबद्दल मी आयुष्यभर जे बोलले ते पुरते खरे नव्हते. नॉर्मनच्या गाईंची जात वाईट नव्हती. त्याने एक वाक्य सांगायचे टाळले, एवढेच. हे कळूनही माझे मन हलके झाले नाही. तो गोऱ्हा वेळ आल्यावर जायचा तिथे गेला.

कलम ५. मला इव्हानच्या बाजूला ठेवावे. भाषण नको.

कलम ६. कळप. हा एकत्र कोणीतरी घ्यावा म्हणून मी दोन वर्षे फिरले. लिलाववाला सरळ माणूस, म्हणाला, "मिसेस मेल्ड्रम, गाई अंगाने लहान आहेत, आणि स्वभावाला बाजारात कोणी विचारत नाही." गेल्या ऑक्टोबरात त्या कत्तलखान्याच्या गाडीत भरल्या. ड्रायव्हर काठी घेऊन उतरला. मी त्याला थांबवले आणि फळीवरून आधी मीच वर गेले. नेहमीची हाक दिली. एकामागे एक सगळ्या वर आल्या. शेवटची तर जागा नव्हती तरी अंग चोरून आत शिरली.

"बाई, असं कधी पाहिलं नाही मी," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळी एकाकडे लिमुझिन भरल्या. दार वाकवलं हो त्यांनी. माझ्या पोराच्या बरगड्या शेकल्या."

"त्यांना कळलं असेल."

"आणि यांना?"

"यांना मी शिकवलं होतं की माणूस काही करत नाही."

त्याने दार लावले. आतून एक लाथ बसली नाही. मी घरापर्यंत गाडीच्या आवाजाकडे पाठ करून चालत आले. तेव्हापासून रोज वाटते, एखादी तरी मारकी ठेवायला हवी होती.

कलम ७. म्हाताऱ्या म्हणून ज्या पाच गाई लिलाववाल्याने नाकारल्या, त्या मागच्या आवारात आहेत. माझ्यानंतर त्यांना गाडीत चढवू नये. इश्बेलने त्यांना इथेच, खाद्य पुढ्यात ठेवून, एकेक करून मारावे. दोर लागणार नाही. दुसरीला बाजूला न्यायची गरज नाही, ती आपण होऊन जवळ येईल. इश्बेलने फक्त त्यांच्याशी बोलत राहावे. माणसाचा आवाज ऐकला की त्या हलत नाहीत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, बदल करावासा वाटला नाही.

एल्स्पेथ मेल्ड्रम (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. मार्जरी लीथ, टपाल वाटणारी, अल्फर्ड (सही)
२. आर्चिबाल्ड किनेर्ड, निवृत्त शिक्षक, अल्फर्ड (सही)

ठिकाण: टिलीनॉट
दिनांक: २१ फेब्रुवारी २०१९