समासातली लाल शाई

२ जानेवारी
आजपासून कादंबरी. ठरलं म्हणजे ठरलं. स्टाफरूममध्ये भूगोलाचे सर (यापुढे नुसता 'भूगोल') म्हणाले, वहिनी वाचतात तसल्या सरदार-सुंदरीच्या गोष्टींना नावं ठेवणं सोपं आहे, एक लिहून दाखवा. मी इतकी वर्षं इतिहास काय उगाच शिकवतोय? तीन महिने पुरेत. रोज सकाळी पाचला उठणे.

३ जानेवारी, सव्वाआठ
उशीर झाला. प्रतिभेलाही झोप हवी असते.
रिसर्च म्हणून बायकोचं लायब्ररीचं पुस्तक घेतलं. ती दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर असते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकते, घरी येऊन स्टुलावर पाय टाकते आणि हे वाचते. सुरुवातीलाच सरदार काडी ओढून मेणबत्ती लावतो. काडेपेटीचा शोध तेव्हा लागायचा होता. समासात लाल पेनने तसं लिहिलं. पुढच्या वाचकांची सोय.

९ जानेवारी
पुस्तक तपासून झालं. चुकांचा नुसता सडा. शेवट म्हणजे तर कहर. नायिका घर सोडून जाते आणि शेवटच्या पानावर परत येते. कारण? काही नाही. सरदार घोड्यावरून उतरतो, एवढंच. इतिहासात कारणाशिवाय पान हलत नाही. 'अशक्य' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.
बायको अर्ध्यावर होती. तिने शेवटची पानं चाळली आणि पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाली, झोप येतेय. साडेसात वाजले होते. दगदग सोसत नाही तिला.

२० जानेवारी
पहिला चॅप्टर फक्कड जमला. रोज जेवणानंतर बायकोला वाचून दाखवणार. तिच्या वाचनालाही जरा वळण लागेल. आज राजवाड्याची गटारव्यवस्था झाली. ती टॉवेलच्या घड्या घालत होती. मध्येच विचारते, नायिका कधी येणार? घाई, घाई. हाच तर या वाचकांचा रोग.

६ फेब्रुवारी
लायब्ररीतल्या बाईंनी बायकोला चारचौघींत सुनावलं म्हणे. पुस्तकं खराब करता म्हणून कार्ड बंद. बायको म्हणाली, मान वर करता येईना. मी समजावलं, सत्य कडूच असतं. भांडी जरा जोरातच घासली तिने.
वजन वाढलंय. उद्यापासून फिरायला जाणे.

२२ फेब्रुवारी
पाय मुरगळेल असं वाटलं म्हणून फिरणं रद्द.
नायिका आली. कुलपं करणाऱ्याची मुलगी. सरदार तिला चार लढाया तारीखवार सांगतो, ती ऐकते. काय सीन झालाय. ऐकता ऐकता बायकोचा डोळा लागला. मनाला शांती देणं हे साहित्याचं कामच आहे.

५ मार्च
नायिकेला विषमज्वराने मारलं. इलाज नव्हता, त्या काळी माणसं फार जगत नसत. बायकोला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "सुटली बिचारी." करुणरस पोचला.

८ मार्च
बायको चार दिवस बहिणीकडे गेली. मला एकांत हवाय हे न सांगता ओळखलं तिने. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. उन्हाळ्याच्या तोंडावर स्वेटरसुद्धा नेलेत. पॅकिंग कधी जमलंच नाही तिला.

२१ मार्च
चार दिवस लांबलेत. मेहुणीला करमत नसेल. तिच्या घरासमोरच लायब्ररी आहे म्हणे.
दूध परत उतू गेलं. दाढी उद्या.

२ एप्रिल
प्रकाशकांनी बाड परत केलं. म्हणतात, तळटीपा चांगल्या आहेत, गोष्ट कुठे आहे? अडाणी लेकाचे. भूगोलाने विचारलं, वहिनींना कशी वाटली? म्हटलं, फार आवडली.
बायकोला फोन केला. मेहुणी म्हणाली, ताई वाचतेय, पान संपलं की येईल. पान बरंच मोठं निघालं. ती फोनवर आल्यावर मी प्रकाशकांचा मूर्खपणा सविस्तर सांगितला. मग विचारलं, कधी येतेस.
म्हणाली, "शेवटच्या पानावर 'अशक्य' लिहिलंत तुम्ही. मला काय कळत नव्हतं ते? दिवसभर रडकी तोंडं बघून घरी यायचं, तर एक तरी गोष्ट नीट संपावी, एवढंच हवं होतं मला. तेवढंही ठेवलं नाहीत."
मी म्हणालो, अगं पण काडेपेटीचा शोध. तिने फोन ठेवला होता.

६ एप्रिल, पहाटे पाच
आपोआप जाग आली.
घर खायला उठतं. मुलांच्या निबंधात हे वाक्य दिसलं की मी मार्क कापतो. पण उठतं.
शेवट बदलायला घेतलाय. विषमज्वर काढून टाकला. आता नायिका घर सोडून जाते आणि शेवटच्या पानावर परत येते. सरदार घोड्यावरून उतरून दारात उभा आहे. लढायांबद्दल एक अक्षर बोलत नाही.
ती का येते, तेवढं सुचत नाहीये.