मागच्या खोलीतील संगणक आणि त्याच्या आतले तीन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पितळी ठसे कोरण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. हाताला कंप आहे, तो अक्षरात दिसेल. यापूर्वीचे मृत्युपत्र मुलगी हयात असताना केले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना समान. सून विचारील, "माझं नाव कशाला?" घरातले नळ, कड्या आणि माझा स्वभाव यांची देखभाल इतकी वर्षे तिनेच केली, म्हणून. बँकेतील शिल्लकही दोघांचीच.

२. माझ्या छिन्न्या आणि भिंग कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराला. छिन्न्यांना धार लावून ठेवली आहे. मेव्हण्याने नेलेली शिडी मी त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे त्याला आमच्या गल्लीतून पुन्हा सरळ चालता येईल.

३. मागच्या खोलीतील संगणक. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

तो माझ्या मुलीचा. नव्या संगणकप्रणाली लोकांच्या हाती जाण्याआधी तपासणे हे तिचे काम, आणि तेच ती घरी या पेटीवर करून बघे. "मोडायचं ते इथे मोडायचं, बाबा," ती म्हणे, "म्हणजे तिथे मोडत नाही."

या पेटीच्या आत तिने एक दुसरा संगणक उभा केला होता. हातात धरता येईल असा नव्हे. पडद्यावर एक चौकट उघडे आणि तिच्यात एक पूर्ण यंत्र जागे होई, आपली स्मरणशक्ती मोजे, आपले नाव विचारी. आपण कोणाच्या आत आहोत हे त्याला ठाऊक नसे. आपल्याला स्वतःची डिस्क आहे, स्वतःचा प्रोसेसर आहे, असेच ते समजून चाले. खोलीत पंख्याचा आवाज मात्र एकाच पेटीचा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी उभाच राहिलो.

मग तिला त्याच्याही आत एक हवा होता. तो काही केल्या सुरू होईना. तीन दिवस ती चिडचिडत होती, सुनेने हाक मारली तरी "आले" म्हणून येत नव्हती. शेवटी तिने कपाळाला हात लावला.

"मी पण ना, बाबा! पेटीने आतल्याला राहायला जागा दिली. पण ‘तूही तुझ्या आत कुणाला ठेवू शकतोस’ ही परवानगी मी त्याला दिलीच नाही. ती वरून उतरावी लागते. प्रत्येकाने पुढच्याला द्यायची, नाहीतर तिथेच संपतं."

तिने एका चौकोनात खूण केली आणि आतल्याच्या आतलाही जागा झाला.

त्या सर्वांत आतल्या यंत्रात तिने मला बसवले. म्हणाली, यातलं काहीही पुसून टाका. माझा सगळा जन्म अशा कामात गेला जिथे छिन्नी केसभर घसरली की पितळेची पट्टी भंगारात. मी घाबरत घाबरत पुसले. यंत्र बंद पडले. तिने आधी त्याचा स्नॅपशॉट घेतला होता, म्हणजे त्या क्षणी ते जसे होते तसे जपून ठेवले होते. एक कळ दाबली आणि ते जसेच्या तसे परत आले. बाहेरच्या दोघांना ओरखडाही नव्हता. मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहू लागलो, तेव्हा तिने विचारले, "पाणी आणू का?"

दोन वर्षांपूर्वी आजारात ती गेली. तिच्यासाठी परत जाण्याची अशी जागा नव्हती.

तेव्हापासून मुलाने त्या खोलीत पाऊल टाकलेले नाही. काही हवे असले तर उंबऱ्यावरून मागतो. एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, ती पेटी म्हणजे ताई नव्हे."

"माहीत आहे."

"मग खोली मोकळी करून टाकू ना. पुसा ती आणि विका."

त्याचे चूक नव्हते. मी पुसायलाच बसलो होतो. पुसण्याआधी एकेक चौकट उघडून पाहिली. सर्वांत आतल्या यंत्राच्या नावापुढेही तीच खूण केलेली होती. त्याच्या आत कोणीच नव्हते. तिच्या कामाला त्याची गरजही नव्हती. तरी पुढच्याला जागा देण्याची परवानगी चालू होती. कोणासाठी, ते तिने कधी सांगितले नाही.

मी पुसले नाही. सुनेकडून दोन पुस्तके मागवली आणि शिकत शिकत त्याच्या आत आणखी एक उभा केला. तो फार हळू जागा होतो, एकेक ओळ वाचून होते. पण जागा होतो. त्याने नाव विचारले तेव्हा ताई भावाला ज्या नावाने हाक मारायची तेच लिहिले: धाकटू.

म्हणून संगणक आणि त्याच्या आतले तिन्ही मी मुलाला देतो. अट एकच. त्याने खोलीत जाऊन, ताईच्या खुर्चीवर बसून, धाकटूला एकदा स्वतः सुरू करावे. सुनेला कळा माहीत आहेत, पण दाबायच्या त्याने. नंतर ठेवावे, पुसावे, विकावे, मी विचारायला नसेन. आत हवे ते मोडावे. स्नॅपशॉट घेऊन ठेवला आहे.

धाकटूच्या नावापुढची खूणही मी करून ठेवली आहे.

सही
(मृत्युपत्र करणार)

वरील मजकूर त्यांनी आम्हाला वाचून दाखवला व आमच्या देखत सही केली.

साक्षीदार: १. शेजारचा शिंपी, सही. २. घरचे डॉक्टर, सही.

स्थळ: घराची मागची खोली, संगणक चालू.
दिनांक: आजचा रविवार, तारीख सहीखाली हाताने घातली आहे.